मुक्ती आणि नेम : व्यसनमुक्ती केंद्रातील वास्तव्याच्या कथनांचा विचार

१

‘व्यसनमुक्ती’ हा सामासिक शब्द मराठीत आता इतका रूढ झाला आहे की त्याच्या उत्तरपदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः ‘मुक्ती’ हे भारतीय तत्त्वचिंतनातील अत्यंत वजनदार पद होय. मुक्ती म्हणजे बंधाचा कायमचा उच्छेद. मुक्त झालेला जीव पुन्हा बद्ध होत नाही. झाला तर तो मुक्त झालाच नव्हता असे म्हणावे लागते. मादक द्रव्याच्या अधीन झालेला मनुष्य केंद्रात काही आठवडे किंवा काही महिने राहतो, द्रव्य सोडतो आणि घरी परततो, या घटनेला हा शब्द लावला की त्या घटनेकडून एक विशिष्ट शेवट अपेक्षिला जातो. अनुभव मात्र असे सांगतो की केंद्रातून बाहेर पडलेल्यांपैकी पुष्कळांचे पाऊल पुन्हा घसरते, त्यांतील काही जण पुन्हा केंद्रात येतात, आणि जे घसरत नाहीत तेही ‘सुटलो’ असे न म्हणता ‘आजचा दिवस घेतली नाही’ एवढेच म्हणतात.

शब्दाने दिलेले आश्वासन आणि अनुभवाने दिलेली साक्ष यांतील ही तफावत केवळ वैद्यकाचा किंवा समाजशास्त्राचा विषय नव्हे. ती वाङ्मयाचाही प्रश्न आहे. कारण केंद्रातील वास्तव्यावर जे लिहिले गेले आहे, ते बहुतेक आत्मनिवेदनाच्या रूपाने लिहिले गेले आहे. आणि आत्मनिवेदनाला शेवट कोठे व कसा करावयाचा, हा त्या प्रकारातील सर्वांत अवघड प्रश्न असतो. निवेदकाचे आयुष्य पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतरही चालू राहणार असते. मग ‘मी सुटलो’ हे वाक्य त्याने कोणत्या अधिकाराने लिहावे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या आधारे काही निवडक पाश्चात्त्य व मराठी कृतींचा विचार केला आहे. या कृतींचा खरा विषय मुक्ती नसून नेम आहे, आणि ज्या कृतीला हे उमगले तीच कलादृष्ट्या व सत्यदृष्ट्याही टिकते, असे या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२

या प्रश्नाचे मूळ निवासी केंद्रे निर्माण होण्याच्या पुष्कळ आधी सापडते. थॉमस डी क्विन्सी याचे ‘कन्फेशन्स ऑफ ॲन इंग्लिश ओपियम-ईटर’ हे निवेदन १८२१ मध्ये ‘लंडन मॅगझिन’ या नियतकालिकात प्रथम आले. अफूच्या सुखाचे आणि यातनांचे त्याने केलेले वर्णन पुढील शतकभराच्या अशा लेखनाचा पाया ठरले. या निवेदनाची अखेर अशी आहे की लेखक अफूच्या पाशातून जवळजवळ सुटला, अशी वाचकाची समजूत व्हावी. परंतु पुढल्याच वर्षी ग्रंथरूपाने प्रकाशन झाले तेव्हा जोडलेल्या परिशिष्टात ही समजूत वस्तुस्थितीला धरून नव्हती, हे त्याला स्वतःलाच कबूल करावे लागले. १८५६ मध्ये त्याने ग्रंथ वाढवून पुन्हा लिहिला, आणि १८५९ मध्ये त्याचा मृत्यू झाला तोपर्यंत अफूने त्याची पाठ सोडलेली नव्हती.

डी क्विन्सीने वाचकाला फसविण्याच्या हेतूने असे लिहिले, असे म्हणणे उथळपणाचे होईल. पतन, यातना, जागृती आणि उद्धार हा क्रम त्याने स्वतः निर्माण केलेला नव्हता. ख्रिस्ती आत्मनिवेदनाच्या दीर्घ परंपरेने तो त्याच्या हाती दिलेला होता. ऑगस्टीनपासून चालत आलेल्या त्या परंपरेत निवेदक ज्या स्थानावरून बोलतो ते स्थान उद्धारानंतरचे असते. उद्धार झाला म्हणूनच तर तो बोलू शकतो. डी क्विन्सीने हा साचा उचलला, आणि साच्याबरोबर त्याचा शेवटही त्याला उचलावा लागला. येथे असत्य लेखकाच्या चारित्र्यातून आलेले नाही, आकृतिबंधातून आलेले आहे. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील काळातील कृतींचा उलगडा होऊ लागतो.

विसाव्या शतकात या साच्याला संस्थेचे पाठबळ मिळाले. १९३५ मध्ये अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मद्यपींच्या परस्परसाहाय्याची चळवळ सुरू झाली आणि १९३९ मध्ये तिचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला. तिच्या सभांत प्रत्येक सभासद आपली हकीकत सांगतो: पूर्वी मी कसा होतो, मग काय घडले, आणि आता मी कसा आहे. पुढे मादक द्रव्यांच्या बाबतीतही हीच पद्धती स्वीकारली गेली आणि अनेक निवासी केंद्रांच्या दिनक्रमात अशा सभांना मध्यवर्ती स्थान मिळाले. केंद्रात राहणारा मनुष्य औषधे घेतो, जेवतो, झोपतो. परंतु त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे आपली गोष्ट सांगणे आणि दुसऱ्याची ऐकणे. संस्था त्याला केवळ निवारा देत नाही, ती त्याला एक कथनप्रकार देते. म्हणून अशा वास्तव्यावरील पुस्तकाचे परीक्षण करताना पहिला प्रश्न असा विचारला पाहिजे, की या लेखकाने संस्थेने दिलेल्या गोष्टीचे काय केले?

३

या प्रश्नाला एक धीट उत्तर झां कॉक्तो या फ्रेंच कवीने दिले. त्याचा तरुण मित्र व कादंबरीकार रेमों रादिगे १९२३ च्या डिसेंबरात विषमज्वराने वारला, आणि त्या शोकाच्या काळात कॉक्तो अफूकडे वळला. एकदा उपचार होऊनही सवय परत आली, तेव्हा डिसेंबर १९२८ ते एप्रिल १९२९ या काळात तो पॅरिसजवळील सँ-क्लू येथील रुग्णालयात राहिला. तेथे ठेवलेल्या टिपणांचे पुस्तक त्याच्या रेखाचित्रांसह १९३० मध्ये ‘ओपियम’ या नावाने प्रसिद्ध झाले.

हे पुस्तक दैनंदिनीच्या रूपात आहे आणि त्यात अखंड गोष्ट नाही. एखादे टिपण यातनेविषयी, पुढचे एखाद्या चित्रपटाविषयी, त्यापुढचे एखाद्या मृत मित्राविषयी, असा त्याचा क्रम आहे. मुख्य म्हणजे कॉक्तो पश्चात्ताप करीत नाही. बऱ्या झालेल्या माणसाला अफूची ओढ उरतेच, हे तो मोकळेपणाने मान्य करतो; किंबहुना वैद्यकाने अफू सोडविण्याऐवजी ती निरुपद्रवी करावी, अशी त्याची मागणी आहे. त्याच्या रेखाचित्रांत मानवी देह अफूच्या नळ्यांचा बनलेला दिसतो: बोटे नळ्या, डोळे नळ्यांची तोंडे. वेदना शब्दांत सांगून संपत नाही म्हणून ती रेषेत उतरते. त्याच वास्तव्यात त्याने ‘लेझांफां तेरिब्ल’ ही कादंबरी लिहून काढली.

कॉक्तो पुढे पुन्हा अफूकडे गेला. मग ‘ओपियम’ हे पुस्तक खोटे ठरले काय? येथे डी क्विन्सीशी तुलना उद्बोधक होते. डी क्विन्सीच्या पुढील आयुष्याने त्याच्या पुस्तकाचा शेवट खोडून काढला. कॉक्तोच्या पुढील आयुष्याने त्याच्या पुस्तकातील एकही ओळ खोडली नाही, कारण त्याने शेवट दिलाच नव्हता. लेखकाचे पुन्हा घसरणे कृतीला असत्य ठरवीत नाही. कृतीने जे वचन देऊ नये ते दिलेले असेल तरच ती असत्य ठरते. या प्रकारच्या वाङ्मयाच्या परीक्षणाला हा निकष पायाभूत मानावयास हरकत नाही.

तथापि कॉक्तोच्या उत्तराची मर्यादाही स्पष्ट आहे. सँ-क्लूचे रुग्णालय त्याच्या पुस्तकात एकाकी खोली म्हणून येते. शेजारच्या खोलीत कोण आहे, परिचारिका काय बोलतात, याचे उल्लेख आले तरी ते कवीच्या चिंतनाला निमित्त म्हणून येतात. वास्तव्य आहे, परंतु सहवास नाही. संस्थेची गोष्ट त्याने नाकारली, आणि तिच्याबरोबर इतरांची गोष्टही त्याच्या हातून निसटली.

विल्यम बरोज याची ‘जंकी’ ही कादंबरी १९५३ मध्ये विल्यम ली या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तीत अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील सरकारी संस्थेतील वास्तव्य आले आहे. १९३५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण एकत्र ठेवले जात. तेथे उपचारांबरोबर संशोधनही चाले, आणि कैद्यांवर केलेल्या प्रयोगांवरून पुढे १९७० नंतरच्या दशकात तिच्यावर कठोर टीका झाली. बरोज १९४८ मध्ये तेथे स्वेच्छेने गेला होता. त्याचा निवेदक उतरत्या मात्रेने दिलेली औषधे, दालनातील माणसे आणि त्यांचे बोलणे यांची नोंद एखाद्या वार्ताहराच्या अलिप्तपणे करतो. ही माणसे ज्या पदार्थापासून सुटण्यासाठी आली आहेत, अखंड त्याच्याविषयीच बोलत असतात. या नोंदीत सहवास आहे. पण हा सहवास कोणाला सावरत नाही. बरोजने उद्धाराचा शेवट टाळला, आणि त्याच्या जागी केवळ पुढच्या शहराकडे जाणारा रस्ता ठेवला. प्रामाणिकपणा पुरेपूर आहे. आशेला मात्र जागा नाही.

४

शेवट न देण्याचे धैर्य नसले की काय होते, याचे उदाहरण अलीकडच्या काळात जेम्स फ्राय याच्या ‘अ मिलियन लिटल पीसेस’ या पुस्तकाने पुरविले. २००३ मध्ये ते आत्मकथन म्हणून प्रकाशित झाले आणि २००५ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय वाचक-उपक्रमात त्याची निवड झाल्यावर त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. जानेवारी २००६ मध्ये एका शोधपत्रकारितेच्या संकेतस्थळाने पोलिसांच्या कागदपत्रांवरून दाखवून दिले की पुस्तकातील गुन्हेगारी पूर्वायुष्याचा भाग अतिशय फुगविलेला आहे. सुमारे तीन महिन्यांचा म्हणून सांगितलेला तुरुंगवास वस्तुतः काही तासांच्या अटकेचा होता. लेखकाने पुढे अतिशयोक्ती मान्य केली आणि नंतरच्या आवृत्तींना तशी प्रस्तावना जोडण्यात आली.

या प्रकरणाची चर्चा बहुधा नीतीच्या अंगाने झाली. वाङ्मयीन अंगाने पाहिल्यास त्यातील लक्षणीय बाब अशी की अतिशयोक्ती नेमकी पराक्रमाच्या जागी झाली. निवेदक अधिक भयंकर गुन्हेगार असतो, अधिक वेदना सोसतो. दातांवरील शस्त्रक्रिया भूल न घेता सहन केल्याचा प्रसंग या पुस्तकात आहे. आणि बारा पायऱ्यांची प्रस्थापित पद्धती झुगारून तो केवळ इच्छाशक्तीने बरा होतो. वरवर पाहता ही संस्थेच्या गोष्टीविरुद्धची बंडखोरी वाटते. प्रत्यक्षात तिने संस्थेच्या साच्यातील नम्रता तेवढी टाकून दिली आणि उद्धाराचा शेवट मात्र जपला. शेवट जितका भव्य करावयाचा, तितके पतन खोल दाखवावे लागते. आणि खरे पतन पुरेसे खोल नसेल तर ते खणावे लागते. डी क्विन्सीच्या बाबतीत साच्याने शेवट खोटा केला होता, फ्रायच्या बाबतीत त्याने आरंभही खोटा केला.

केंद्रातील जीवन मुळात नाट्यमय नसते, ही येथील खरी अडचण होय. हेरॉइनसारखे द्रव्य बंद केल्यावर होणारा त्रास, ज्याला मुंबई-पुण्याकडील गर्दुल्यांच्या बोलीत ‘टर्की’ म्हणतात, शेवटच्या सेवनानंतर अर्ध्या दिवसाच्या आत सुरू होतो, दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतो आणि आठवडाभरात बहुतांशी ओसरतो. नाट्य आहे ते एवढेच. त्यानंतर उरतात ते दिवस: ठरावीक वेळी उठणे, झाडलोट, सभा, जेवण, झोप न येणाऱ्या रात्री. या दिवसांना कथानक नाही. परंतु वास्तव्य म्हणजे हेच दिवस. ज्याला ते लिहिता येत नाहीत, तो टर्कीचे रोमांचक वर्णन करतो आणि उडी मारून उद्धाराकडे जातो.

हे दिवस लिहिण्याचा एक मोठा प्रयत्न डेव्हिड फॉस्टर वॉलेस याने ‘इन्फिनिट जेस्ट’ (१९९६) या कादंबरीत केला. वॉलेस स्वतः बॉस्टन येथील अशा एका निवासगृहात राहिलेला होता. कादंबरीतील डॉन गेटली हा पूर्वीचा घरफोड्या आता निवासगृहात राहून तेथील कामे करतो. तो रोज सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून प्रार्थना करतो. कोणाची प्रार्थना करीत आहोत हे त्याला कळत नाही, आतून काही जाणवतही नाही. तरीही केल्याने दिवस निभावतो, एवढे त्याला कळते. सभांमधील घासून गुळगुळीत झालेली वचने प्रथम बुद्धिमान रहिवाशांना हास्यास्पद वाटतात; आणि ती वचने ऐकता ऐकता त्यांना समजते की आपली हुशारी आपल्याला येथवर घेऊन आली होती. पुढे गोळी लागून रुग्णालयात पडलेला गेटली वेदनाशामक मादक औषध नाकारतो, आणि एकेक क्षण स्वतंत्रपणे सोसत राहतो. हजार पानांहून मोठ्या या कादंबरीला रूढ अर्थाने शेवट नाही. तंत्राचा अट्टाहास तिच्यात जागोजाग आहे. परंतु निवासगृहाच्या भागांत त्या तंत्राला एका साध्या सत्यापुढे वाकावे लागते. येथे प्रथमच सहवास आणि शेवटाचा अभाव या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या.

५

मराठी वाङ्मयात या विषयाचा विचार ‘एकच प्याला’ पासूनच सुरू करावा लागतो. १९१९ मध्ये, राम गणेश गडकरी यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने मराठी मनावर मद्यपानाची जी प्रतिमा उमटविली ती अद्याप पुसली गेलेली नाही. त्यात सुधाकराचा सर्वनाश मध्यवर्ती असल्याने एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते: या नाटकात व्यसन सुटल्याचेही उदाहरण आहे. भगीरथ हा प्रेमभंगाने मद्याकडे वळलेला तरुण रामलालच्या उपदेशाने मद्य सोडतो आणि लोकसेवेला लागतो. म्हणजे गडकऱ्यांनी दोन शेवट समोरासमोर ठेवले आहेत: एक विनाशाचा, एक उद्धाराचा.

परंतु दोहोंमध्ये काळाचा विचार नाही. भगीरथाचे परिवर्तन संभाषणाच्या अवकाशात घडते. एकदा मन वळले की प्रश्न संपतो. सुधाकराच्या बाबतीत मात्र गडकऱ्यांची प्रतिभा आपल्याच योजनेच्या पुढे गेलेली दिसते. सुधाकरही मद्य सोडण्याचा निश्चय करतो आणि काम मागण्यासाठी जुन्या ओळखीच्यांकडे जातो. तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. निश्चयाला आधार देणारी माणसे नसतील तर निश्चय टिकत नाही, हे त्या प्रसंगाचे तात्पर्य होय. आणि निवासी केंद्राची सारी कल्पना याच तात्पर्यावर उभी आहे. सिंधूचे प्रेम अपार असले तरी ते घराच्या चार भिंतींत एकाकी आहे. आणि सुधाकराभोवती जे मंडळ आहे ते ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. पिणाऱ्यांना मंडळ आहे, सोडणाऱ्याला नाही, या विसंगतीत नाटकाची खरी शोकात्मिका आहे.

ही उणीव प्रत्यक्ष जीवनात भरून काढण्याचा एक प्रयत्न पुण्यात झाला आणि तो वाङ्मयातही उतरला. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजेच ‘गर्द’, झपाट्याने पसरली. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातील तरुणांना भेटून जे लेखन केले ते ‘गर्द’ या पुस्तकात आहे. त्या लेखनामुळे पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा येथील मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याचा पुढील इतिहास अवचटांनी ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात सांगितला आहे. लेखनातून संस्था आणि संस्थेतून पुन्हा लेखन, असा हा क्रम लक्षणीय आहे.

अवचटांच्या लेखनाचा पहिला विशेष म्हणजे निवेदक हा रुग्ण नाही. तो ऐकणारा आहे. त्यामुळे ‘मी सुटलो’ या वाक्याचा मोह त्याला पडण्याचे कारणच नाही. एक जण येतो, आपली हकीकत सांगतो, काही दिवस राहतो, जातो. मग दुसरा येतो. कोणी टिकतो, कोणी परत घसरतो, कोणी बरा होऊन तेथेच कार्यकर्ता होतो. प्रत्येक व्यक्तीच्या गोष्टीला शेवट मिळत नाही, परंतु अंगणात पुढचा दिवस उजाडतो. भाषा बोलीच्या जवळची, वाक्ये आखूड, उपमा-उत्प्रेक्षांना जवळजवळ फाटा. ही शैली काही समीक्षकांना वाङ्मयीन दृष्ट्या पातळ वाटण्याचा संभव आहे. परंतु कॉक्तोच्या झगझगीत सूत्रांशेजारी ठेवून वाचल्यास तिचे सामर्थ्य कळते. कॉक्तोला शेजारची खोली दिसली नाही. अवचटांना शेजारच्या खोल्यांखेरीज दुसरे काही दिसतच नाही.

संस्थेचे नावही विचार करण्याजोगे आहे. ‘मुक्त’ हे विशेषण तेथे माणसाला लावलेले नसून अंगणाला लावलेले आहे. येणाऱ्याला मुक्तीचे आश्वासन न देता एक मोकळी जागा देऊ केली आहे, असा त्याचा अर्थ लावता येतो. आणि पुस्तकातील अनुभव या अर्थाशी सुसंगत आहेत.

तथापि या लेखनाची मर्यादा सांगितलीच पाहिजे. ऐकणारा कितीही सहृदय असला तरी तो संस्थेचा संस्थापक आहे. रहिवाशाला संस्थेविषयी जे वाटते त्यातील किती भाग संस्थापकाच्या कानी येऊ शकतो, हा प्रश्न उरतोच. शिस्तीविषयीचा राग, आपली गोष्ट वारंवार सांगावी लागण्याचा कंटाळा, अपेक्षित हकीकत सांगून सुटका करून घेण्याची युक्ती, घरी परतण्याची भीती, हे सारे आतून सांगणारा आवाज वेगळा असतो. तळातून उठलेला आवाज मराठी गद्याचे रूपच कसे पालटू शकतो, हे दलित आत्मकथनांनी दाखवून दिले आहे. उपेक्षितांविषयी इतरांनी लिहिलेल्या सहानुभूतीच्या साहित्याने ती कथने अनावश्यक ठरली नव्हती. त्याच न्यायाने, केंद्रात राहिलेल्यांच्या स्वतःच्या लेखनाकडे अभ्यासकांनी ‘प्रेरणादायी पुस्तके’ म्हणून न पाहता वाङ्मय म्हणून पाहण्याची वेळ आली आहे.

६

असे पाहताना कोणती संकल्पना उपयोगी पडेल? पाश्चात्त्य समीक्षेने या प्रकाराचा विचार ‘कबुली’ आणि ‘परिवर्तन’ या धर्ममूलक संकल्पनांच्या आधारे केला आहे. मराठी परंपरेत ‘अनुताप’ हा शब्द त्यांना जवळचा आहे. परंतु संतपरंपरेत अनुतापापाशी गोष्ट संपत नाही. अनुतापानंतर नामस्मरण येते, आणि ते एकदाच करावयाचे नसते. वारकऱ्याची माळ हे परिवर्तनाचे चिन्ह असले तरी त्याहून अधिक ते नेमाचे चिन्ह आहे. माळ घालणारा मद्यमांस वर्ज्य करतो, वारी चुकू देत नाही, आणि हे सारे तो एकटा करीत नाही. दिंडी त्याच्यासोबत चालते. पंढरीला पोचून वारी संपत नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा करावयाची असते.

मुक्ती आणि नेम यांतील भेद येथे स्पष्ट होतो. मुक्ती मोडली तर ती मुक्ती नव्हतीच असे ठरते. नेम मोडला तर तो पुन्हा धरता येतो. मुक्तीला शेवट आहे, नेमाला पुढचा दिवस आहे. गडकऱ्यांच्या नाटकात ‘एकच’ हे पतनाचे परिमाण होते: एकच प्याला, मग आणखी एकच. केंद्रातील रहिवासी हेच परिमाण उलट्या दिशेने वापरतो: आजचा एकच दिवस, मग आणखी एकच. नाटकाच्या शीर्षकातील उपरोधाला जीवनाने दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

या उपमेचा अतिरेक मात्र होता कामा नये. माळ मोडणे हा धार्मिक दोष मानला जातो, आणि व्यसनाला दोष मानण्याच्या वृत्तीने आजवर फार हानी केली आहे. व्यसनाधीनता हा पुन्हा पुन्हा उलटू शकणारा आजार आहे, असे आजचे वैद्यक मानते. अफूजन्य द्रव्यांच्या बाबतीत मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन यांसारखी औषधे दीर्घकाळ चालू ठेवण्याने मृत्यूचा धोका कमी होतो, हेही सिद्ध झाले आहे. रोजची गोळी घेणारा मनुष्य मुक्तीच्या व्याख्येत बसत नाही. नेमाच्या व्याख्येत तो सहज बसतो. येथे हा शब्द उपयोगी पडतो तो त्यातील सातत्यामुळे आणि सोबतीमुळे, पापपुण्यामुळे नव्हे.

शेवटाचा हा प्रश्न केवळ वाङ्मयीन काटेकोरपणाचा नाही, हेही विसरता येत नाही. काही आठवडे द्रव्य न घेतल्याने शरीराची सहनशक्ती उतरते. केंद्रातून बाहेर पडलेल्याने पूर्वीच्याच मात्रेत हेरॉइन घेतले तर श्वास थांबून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून बाहेर पडल्यानंतरचे पहिले दिवस अतिशय धोक्याचे असतात. ‘सुटलो’ असे ज्याला वाटते, त्याला या धोक्याची कल्पना नसते. आणि ज्याच्या घरच्यांना तो ‘सुटला’ असे वाटते, त्यांना त्याचे घसरणे फसवणूक वाटते, आणि दार बंद होते. सुधाकराला दारे बंद झाली होती ती अशीच. उद्धाराच्या खोट्या शेवटाने वाचकाच्या मनात जी अपेक्षा रुजते, तिची किंमत पुस्तकाबाहेर कोणाला तरी मोजावी लागते.

म्हणून या प्रकारच्या कृतीचे परीक्षण करताना ‘लेखक शेवटी सुटला काय’ हा प्रश्न समीक्षकाने बाजूला ठेवावा. दिवस कसे लिहिले आहेत, शेजारच्या खाटेवरील माणसाचा आवाज ऐकू येतो काय, आणि शेवटच्या पानाने आपल्या अधिकाराबाहेरचे वचन दिले आहे काय, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. डी क्विन्सी तिसऱ्या प्रश्नापाशी अडखळतो, कॉक्तो दुसऱ्यापाशी. बरोजला तिन्हींना तोंड देता येते, परंतु त्याच्या दिवसांत दुसऱ्याचा हात नाही. फ्राय तिसऱ्या प्रश्नापायी पहिलाही गमावतो. वॉलेस आणि अवचट, एक तंत्राच्या टोकाला आणि दुसरा साधेपणाच्या टोकाला उभा असूनही, एकाच ठिकाणी येऊन पोचतात: सकाळची सभा भरलेली आहे, कोणी बोलत आहे, बाकीचे ऐकत आहेत, आणि उद्या पुन्हा भरावयाची आहे. मराठीत या सभेतील बोलणाऱ्याचे स्वतःचे पुस्तक जेव्हा वाङ्मय म्हणून वाचले जाईल, तेव्हा त्याच्याकडून मुक्तीचा पुरावा मागितला जाऊ नये. त्याने आपला नेम प्रामाणिकपणे लिहिला असेल, तर तेवढे पुरे आहे.